संकल्पनेला खाते नसते

मनोरंजनासाठी मुद्दाम बांधलेल्या स्थळांविषयी तक्रारींचा पाढा वाचला जातो तेव्हा तिकिटाचा दर, गर्दी, ऊन आणि खाण्यापिण्याच्या पदार्थांच्या अवाच्या सवा किमती ही कारणे बहुधा पुढे केली जातात, आणि ती खोटी आहेत असे कोणी म्हणणार नाही. तथापि हाच तक्रारखोर गृहस्थ माघी पौर्णिमेनंतर राजिमच्या मेळ्याला जातो, महानदीच्या वाळूत पाय रुतवीत चालतो, धूळ बसलेली भजी खातो, रात्री खचाखच भरलेल्या बसमध्ये उभ्याने परततो आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याला मोठ्या समाधानाने सारी हकीकत ऐकवितो. गैरसोय हेच जर निराशेचे मूळ असते तर आषाढीच्या वारीला दुसऱ्या वर्षी कोणी फिरकले नसते.

निराशा उत्पन्न होते ती कबुली मोडल्यामुळे. मेळ्याने कोणाला काही कबूल केलेले नसते. तेथे जे हाती लागेल तो लाभच. संकल्पना-उद्यान, ज्याला आता सर्रास थीम पार्क म्हणतात, ते मात्र दारावरच एक करारनामा लिहून देते: आत पाऊल टाकलेत की तुम्ही अमुक एका जगात असाल, त्या जगाची घरे अशी असतील, माणसांचा पोशाख असा असेल, भूक लागली तर खायला अमुक मिळेल आणि बाहेरचे जग संध्याकाळपर्यंत तुमच्या दृष्टीस पडणार नाही. करारनामा जितका भव्य तितकी त्याची फेड अवघड. आणि ही फेड करण्याची जबाबदारी आपल्याकडे कोणाच्याही अंगावर टाकलेली नसते, ही या लेखातील मुख्य तक्रार आहे.

भिलाईच्या मरोदा भागात राहणाऱ्या मराठी माणसाला हा विषय सुचावा यात नवल नाही. मरोदा हे मूळचे गाव. पोलाद कारखाना आला तसा त्याच्या नावाचा जलाशय झाला, वसाहत झाली आणि दुर्गहून दल्ली-राजहऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर त्याच नावाचे स्थानकही झाले. नागपूर-अमरावतीकडून पाहुणे आले की त्यांना येथे काय दाखवावे, हा प्रश्न आमच्या घरांत फार काळ अनुत्तरित राहत नाही. कारखान्यात परवानगीवाचून जाता येत नाही, म्हणून मैत्रीबाग. ही बाग भिलाई पोलाद कारखान्याने १९७२ मध्ये भारत आणि सोव्हिएत संघ यांच्या स्नेहाचे प्रतीक म्हणून उभारली. आदल्याच वर्षी, ऑगस्ट १९७१ मध्ये, उभय देशांत मैत्रीचा तह झाला होता. त्यामुळे नावाची निवड समयोचित होती आणि भिलाईपुरती तर ती केवळ शिष्टाचाराची नव्हती, कारण हे शहरच त्या स्नेहातून जन्मले. २ फेब्रुवारी १९५५ रोजी कारखान्याचा करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि मधल्या काळात दिमशित्स यांच्यासारख्या सोव्हिएत अभियंत्यांच्या देखरेखीखाली दुर्ग तहसिलीतल्या भातशेतीवर वर्षाला दहा लाख टन पोलाद ओतण्याच्या क्षमतेची यंत्रणा उभी राहू लागली.

आता या बागेत येणाऱ्याला काय दिसते? प्राणिसंग्रहालय आहे आणि त्यात नंदनकाननहून आणलेल्या पांढऱ्या वाघांचा वंश आहे. होड्यांसाठी तलाव आहे. तलावातल्या बेटावर संगीताच्या तालावर नाचणारे कारंजे आहे. मुलांची छोटी आगगाडी आहे. हिवाळा सरता सरता पुष्पप्रदर्शन भरते तेव्हा शेवंती आणि डेलियांचे ताटवे पाहायला अर्धी भिलाई लोटते. बाग म्हणून तिच्यावर आमचे प्रेम आहे. गेल्या हिवाळ्यात अमरावतीचा माझा भाचा आला होता; त्याने फाटकावरचे नाव मोठ्याने वाचले आणि विचारले, “मामाजी, ही मैत्री कोणाची हो?” मी पंचावन्न सालापासून आरंभ केला. आम्ही वाघाच्या पिंजऱ्यापर्यंत पोहोचलो तेव्हा माझे व्याख्यान एकाहत्तरच्या तहापर्यंत आले होते आणि श्रोता केव्हाच कठड्याला जाऊन चिकटला होता. दोष त्याचा नव्हता. नावात सांगितलेली गोष्ट त्याच्या डोळ्यांना, कानांना, पायांना कोठेतरी भेटायला हवी होती, आणि ती मामाच्या तोंडूनच काय ती भेटत होती.

येथे एक सूक्ष्म भेद करायला हवा. मैत्रीबागेत भिलाईकर निराश होत नाही, कारण त्याने नावाकडे पाहणे कधीच सोडून दिले आहे. तो सतरंजी आणि डबा घेऊन येतो, झाडाखाली बसतो, मुलांना वाघ दाखवितो आणि घरी जातो. निराश होतो तो नाव वाचून आलेला परका. ज्या राज्याशी ही मैत्री होती ते राज्य डिसेंबर १९९१ मध्ये नकाशावरून गेले, आणि त्यानंतर जन्मलेल्या पिढीला हे नाव एखाद्या ‘मिलन चौका’हून अधिक काही सांगत नाही. संकल्पना नावात ठेवली आणि रचनेत उतरविली नाही की इतिहासाच्या एका झुळुकीने ती उडून जाते.

१९५५ या एकाच वर्षी पृथ्वीच्या दोन टोकांना दोन गोष्टी घडल्या याचे मला नेहमी कौतुक वाटते: फेब्रुवारीत भिलाईचा करार झाला आणि १७ जुलै रोजी कॅलिफोर्नियात अॅनाहाइम येथे वॉल्ट डिस्ने यांनी आपले डिस्नेलँड उघडले. लोकांच्या फुरसतीचे काय करावे या प्रश्नाची दोन उत्तरे तेव्हा जगापुढे होती. एक मॉस्कोचे, तेथील गोर्की उद्यान १९२८ पासून श्रमिकांच्या ‘संस्कृती आणि विश्रांती’साठी चालविले जात होते आणि फुरसत ही राज्याने पुरविण्याची सोय आहे असे त्यामागचे गृहीत होते. दुसरे अॅनाहाइमचे, त्याचे गृहीत असे की फुरसत हा विकत घेण्याचा माल आहे आणि तो माल म्हणजे अथपासून इतिपर्यंत रचलेले एक कल्पित विश्व. मैत्रीबाग कुळाने पहिल्या घराण्याची. आज आपल्याकडे जी उद्याने बांधली जातात, किंवा जुन्या बागांच्या कायापालटाच्या ज्या गोष्टी होतात, त्या मात्र दुसऱ्या घराण्याचा साज पहिल्या घराण्याच्या अंगावर चढवू पाहतात, आणि तो साज अंगाला बसत नाही.

तो का बसत नाही हे समजून घेण्यासाठी आपल्या रंगभूमीकडे वळणे बरे. संगीत नाटकांच्या वैभवकाळात कंपनीजवळ ठरावीक रंगविलेले पडदे असत: एक राजवाड्याचा, एक अरण्याचा, एक रस्त्याचा. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी रंगविलेले पडदे उत्कृष्ट असत यात शंका नाही. पण सामान्य कंपन्यांकडे तेच अरण्य शकुंतलेला चाले आणि तेच दमयंतीलाही, आणि त्याबद्दल कोणी पैसे परत मागितल्याचे ऐकिवात नाही. आमच्या भिलाईजवळचे उदाहरण तर याहून बोलके आहे. गनियारी गावात जन्मलेल्या आणि पोलाद कारखान्याच्या नोकरीत राहिलेल्या कथागायिका तीजनबाईंनी हातातला एक तंबुरा घेऊन सबंध महाभारत उभे केले. तो तंबुरा कधी भीमाची गदा झाला, कधी अर्जुनाचे धनुष्य, आणि हजारो माणसे रात्रभर तो तंबुरा आहे हे विसरून बसली. नेपथ्य शून्य आणि निराशाही शून्य. याचे कारण असे की तेथे भ्रम वाहून नेणारी एक जिवंत व्यक्ती असते. उद्यानात ती नसते. तेथे नेपथ्यच नट, नेपथ्यच गायक. आणि पुन्हा नाटकाचा प्रेक्षक एकाच बाजूने पाहतो, तर उद्यानाचा प्रेक्षक मागच्या बाजूनेही येतो, हात लावून पाहतो, त्याचे पोर तर राक्षसाच्या नाकात बोट घालते. त्या बोटाला आत लोखंडी सळई लागली की राक्षसाचा वध झाला म्हणून समजावे.

डिस्ने यांना हे कळले होते. त्यांनी आपल्या उद्यानाभोवती मातीचा उंच बांध घातला, तो बाहेरचे रस्ते आणि तारांचे खांब आतून दिसू नयेत म्हणून. काउबॉयच्या वेषातला एक नोकर भविष्यकाळाच्या विभागातून चाललेला त्यांना दिसला आणि ते दृश्य त्यांना इतके खटकले की पुढे फ्लोरिडात १९७१ मध्ये उघडलेल्या उद्यानाखाली नोकरांच्या ये-जा करण्यासाठी, कचरा वाहण्यासाठी आणि नळ-तारांसाठी भुयारी मार्गांचे जाळे बांधण्यात आले, ही हकीकत प्रसिद्धच आहे. प्रेक्षकाला जे दिसू नये त्यावर इतका खर्च करण्याची बुद्धी आपल्याकडे दुर्मीळ. आपल्या किल्ल्याच्या तटाआडून जनरेटरची पत्र्याची शेड डोकावते, गुहेच्या तोंडाशी प्लास्टिकची टाकी असते, आणि परीच्या महालामागे केरसुण्या आणि रंगाचे रिकामे डबे. पाहणारा ते बोलून दाखवीत नाही. पण त्याच क्षणापासून तो त्या जगाचा रहिवासी राहत नाही, तिकीट काढून आलेला गिऱ्हाईक होतो, आणि गिऱ्हाईक झाला की हिशेब सुरू करतो.

मात्र डिस्नेंच्या दूरदृष्टीचे गोडवे गाताना त्यांच्या पहिल्या दिवसाची आठवण सोडू नये. उद्घाटनाच्या दिवशी उष्मा इतका होता की नुकत्याच ओतलेल्या डांबरात बायकांच्या बुटांच्या टाचा रुतल्या. नळकाम करणाऱ्यांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ आणि शौचालये यांपैकी एकच काम वेळेवर पुरे होण्यासारखे होते. डिस्नेंनी शौचालये निवडली, आणि तहानलेले लोक म्हणाले की शीतपेये खपविण्यासाठीच पाणी बंद ठेवले आहे. कल्पित विश्व कितीही मोहक असो, माणूस त्यात आपले शरीर घेऊन शिरतो. मे महिन्यात आमच्याकडे पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो, आणि शाळांची सुट्टी नेमकी तेव्हाच असते. अशा मुलखात युरोपातल्या चौकाच्या नमुन्यावर फरशी घातलेली उघडी मैदाने करणारा आराखडाकार कोणत्या देशाचे हवामान डोळ्यांपुढे ठेवीत असेल? उद्यानातल्या दिवसाचा पुष्कळ भाग प्रेक्षक रांगेत घालवितो; तेव्हा रांग हीच त्याची खरी वस्ती. तेथे सावली, बसायला कट्टा, पाणी आणि पाहायला काही असेल तर संकल्पना तेथेच अर्धी सांगून होते. आपल्याकडे रांगेच्या वाट्याला लोखंडी कठडे येतात आणि संकल्पना कठड्यांच्या पलीकडे, तीन मिनिटांच्या फेरीत कोंबलेली असते.

महाराष्ट्रात याचा सर्वांत मोठा प्रयोग खोपोलीजवळ झाला. मुंबईकरांना गोराईच्या एस्सेलवर्ल्डची १९८९ पासून सवय होती; पण ते पाळण्यांचे आवार होते, त्याने कल्पित विश्वाची कबुली फारशी दिलेली नव्हती. मनमोहन शेट्टी यांनी एप्रिल २०१३ मध्ये खालापूर तालुक्यात अॅडलॅब्स इमॅजिका उघडली ती मात्र पूर्ण अर्थाने संकल्पना-उद्यान म्हणून, परदेशी तज्ज्ञांच्या तोडीचे काम देशात करून दाखविण्याच्या हिमतीने, आणि त्या हिमतीला दाद दिलीच पाहिजे. पुढे कर्जाचा बोजा वाढला आणि २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने ते ताब्यात घेतले. कर्जाचा सगळा दोष संकल्पनेच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. जमीन, यंत्रे, व्याज, मग साथीची टाळेबंदी, अशी त्याची कारणे अनेक आहेत. पण संकल्पनेपुरते पाहिले तर चित्र विलक्षण दिसते. सह्याद्रीच्या पायथ्याशी अलीबाबा आणि चाळीस चोर आहेत. अमेरिकी धर्तीचे उपाहारगृह आहे. ‘मिस्टर इंडिया’ या १९८७ च्या चित्रपटावरची एक फेरी आहे. देशाचे आकाशातून दर्शन घडविणारा एक खेळ आहे. यातले एकेक चांगले असेल. पण एका दारातून दुसऱ्यात जाताना आपण कोठून कोठे चाललो आहोत याचे सूत्र सापडत नाही, आणि दिवसाच्या अखेरीस मनात जे उरते ते एका जगाचे दर्शन नसून अनेक दुकानांची पाहणी असते.

त्यातही एक निवड मला फार मोलाची वाटते, ती राजासॉरसची. हा डायनोसॉर आयात केलेला नाही. गुजरातेत बालासिनोरजवळच्या रहियोलीला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला त्याचे अवशेष गेल्या शतकाच्या नवव्या दशकात सापडले आणि २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचे ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ असे नामकरण केले. आपल्याच मातीतला, नर्मदेचे नाव मिरविणारा हा श्वापदराज घेऊन जलप्रवास रचावा, ही कल्पना खरोखरच उंची आहे. भिजून बाहेर पडणाऱ्या मुलाला तो आपला होता हे कळते का, एवढाच प्रश्न विचारावासा वाटतो. आणि दुसरा प्रश्न असा की, ज्या खोपोलीत टाटांचे जलविद्युतकेंद्र १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज देत आले, जिच्या माथ्यावरचा बोरघाट १८६३ मध्ये आगगाडीने सर केला, आणि तो करताना चढाव इतका तीव्र होता की मध्येच गाडीचे तोंड फिरवून ती उलट दिशेने न्यावी लागे, त्या खोपोलीला थरारासाठी अलीबाबाच्या गुहेपर्यंत जाण्याचे खरोखर कारण होते काय?

येथे कोणी घाईने असा निष्कर्ष काढील की स्थानिक विषय घेतला म्हणजे झाले. तसे नाही, आणि याचा धडा खुद्द डिस्ने मंडळींनीच घेतला आहे. फेब्रुवारी २००१ मध्ये त्यांनी अॅनाहाइमलाच, मूळ उद्यानाच्या शेजारी, कॅलिफोर्नियाविषयीचे दुसरे उद्यान उघडले. लोक येईनात. आणि का यावेत? खरा समुद्रकिनारा, खरे हॉलिवुड, खरे द्राक्षमळे मोटारीच्या टप्प्यात असताना त्यांची लहान आणि स्वस्त प्रतिकृती पाहायला तिकीट कोण काढील? शेवटी एक अब्जाहून अधिक डॉलर खर्चून ते उद्यान बव्हंशी नव्याने रचावे लागले आणि २०१२ मध्ये ते नव्या रूपात आले. तेव्हा त्यांनी आजचा कॅलिफोर्निया सोडून वॉल्ट डिस्ने तरुणपणी जेथे उतरले तो गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकातला, आता कोठेच पाहायला न मिळणारा, कॅलिफोर्निया प्रवेशाशी उभा केला. पॅरिसजवळच्या उद्यानाची अडचण उलट जातीची: १९९२ मध्ये ते उघडले तेव्हा तेथे मद्यावर बंदी होती, जेवणाबरोबर द्राक्षासव घेणाऱ्या फ्रेंच माणसाला आपल्याच देशात पाहुणा झाल्यासारखे वाटले, आणि पुढच्याच वर्षी बंदी उठवावी लागली. विषय कोठलाही असो, तो प्रेक्षकाला असे काही देतो का की जे त्याला फाटकाबाहेर मिळत नाही, आणि देताना त्याच्या सवयींचा अवमान तर करीत नाही ना, या दोन कसोट्यांवर तो उतरावा लागतो.

या कसोट्या लावल्या तर भिलाईचे भाग्य मोठे आहे. दल्ली-राजहऱ्याच्या खाणींतून तांबड्या खनिजाने भरलेल्या मालगाड्या मरोद्याच्या स्थानकावरून कारखान्याकडे जातात; नंदिनीचा चुनखडक दुसऱ्या बाजूने येतो; तांदुला कालव्याचे पाणी मरोद्याच्या जलाशयात साठते आणि त्यावर कारखान्याची यंत्रे व वसाहतीचे नळ दोन्ही चालतात; आणि या सगळ्यातून जे निघते त्यात भारतीय रेल्वेचे रूळ आहेत, जोड देऊन दोनशे साठ मीटरपर्यंत लांब केलेले. मुंबईहून हावड्याला जाणारा प्रवासी ज्या रुळांवरून जातो त्यांचे हे जन्मस्थान, पण ते त्याला गाडीच्या खिडकीतून धुराड्यांच्या रांगेपलीकडे दिसत नाही. खुद्द भिलाईतली असंख्य माणसे, ज्यांचे बाप आणि आजे त्या कारखान्यात राबले, त्यांनी भट्टीतून वितळलेले लोखंड वाहताना पाहिलेले नाही. त्यांना ठाऊक आहे तो सुटीचा भोंगा आणि रात्री त्या दिशेला तांबूस होणारे आकाश. म्हणजे येथे वस्तू जवळ आहे आणि दर्शन दुर्लभ आहे. कॅलिफोर्नियाच्या उद्यानाला जी सवलत नव्हती ती मरोद्याला आयती मिळाली आहे. असे असता मैत्रीबागेतली मुलांची आगगाडी कोठल्याही शहरातल्या मुलांच्या आगगाडीसारखीच वाटोळी का फिरावी? तिच्या पहिल्या थांब्याला दल्ली आणि शेवटच्या थांब्याला रूळगिरणी असे नाव द्यायला, मध्ये एका डब्यात खरे खनिज भरून ठेवायला, आणि त्याचे एक ढेकूळ मुलाच्या हातात देऊन त्याचे वजन त्याला जाणवू द्यायला असा कोणता खजिना रिता होणार आहे?

आणि ती मैत्री, जिच्या नावाने बाग आहे, तिचेही दर्शन येथेच घडते. परदेशातून आलेले अभियंते आणि छत्तीसगडच्या खेड्यांतून, ओडिशातून, आंध्रातून, विदर्भातून आलेले मजूर यांनी एकमेकांची भाषा येत नसताना एक भट्टी कशी पेटविली, याहून मैत्रीचा अधिक ठोस दाखला मागायचा तरी कोणता? पुतळे, ध्वज आणि कबुतरे यांच्यापेक्षा त्या काळचा एक दुभाषी शब्दकोश, एक शिरस्त्राण, एक नकाशा, एखाद्या वृद्ध फोरमनच्या आवाजात ऐकविलेली पंधरा मिनिटांची आठवण, यांनी माझ्या भाच्याला वाघाच्या पिंजऱ्यापासून मागे खेचले असते असा माझा दावा नाही. पण वाघ पाहून झाल्यावर त्याला जायला एक जागा मिळाली असती.

आता ज्या गोष्टीवरून लेखाला नाव दिले आहे तिच्याकडे येतो. आपल्याकडची सार्वजनिक उद्याने मग ती कारखान्याची असोत, नगरपालिकेची असोत वा सरकारची, खात्याखात्यांनी चालतात. झाडे उद्यान खात्याकडे, कारंज्याचे पंप विद्युत खात्याकडे, पाळणे मक्त्याने दिलेले, उपाहारगृह दुसऱ्या मक्तेदाराकडे, जनावरांची जबाबदारी पशुवैद्यांकडे आणि वर प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाचे नियम. प्रत्येक खात्याला आपापली तरतूद, आपापले तपासनीस. या सबंध जमाखर्चात संकल्पनेच्या नावाने एक पैही मांडलेली नसते आणि ती बिघडली तर जाब विचारता येईल असा एकही अधिकारी नसतो. पंप बंद पडला तर फाइल फिरते. पंधरा वर्षांपूर्वी लावलेल्या माहितीफलकावरची अक्षरे उडाली तर कोठलीच फाइल फिरत नाही, कारण अक्षरे ही कोणाच्या दप्तरी नोंदलेली मालमत्ता नव्हे. मक्तेदार निविदेतला सर्वांत कमी दर भरून येतो. त्याला ‘आठ फुटी हत्ती, नग दोन’ असा हुकूम असतो, आणि तो आठ फुटी हत्ती, नग दोन, आणून ठेवतो. ते हत्ती कोणत्या गोष्टीतले आहेत हे त्याला विचारणे अप्रस्तुत आहे.

याला अपवाद आहेत आणि ते तपासून पाहण्यासारखे आहेत. कोल्हापूरजवळच्या कणेरी मठाचे सिद्धगिरी ग्रामजीवन वस्तुसंग्रहालय घ्या. तेथे पाळणा नाही, वेग नाही, विजेचा चमत्कार नाही. सिमेंटच्या पुरुषभर आकृत्या आहेत, आणि त्या नांगर धरतात, चाकावर मडके घडवितात, खळ्यावर मळणी करतात. पण कुंभाराच्या हाताची पकड कुंभाराचीच आहे, बैलाच्या मानेवरचे जू जेथे असायला हवे तेथेच आहे, आणि शहरातून नातवंडांना घेऊन आलेला म्हातारा तेथे बोलू लागतो. उद्यानाने आजोबाला मार्गदर्शक बनविले याहून मोठे यश कोणते? ते मिळाले कारण बलुतेदारांचे स्वयंपूर्ण गाव ही एक कल्पना एका संस्थेने शेवटपर्यंत हातातून सोडली नाही. आमच्याकडे नवा रायपूरजवळ पुरखौती मुक्तांगण आहे. राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते २००६ मध्ये त्याचे उद्घाटन झाले आणि बस्तरच्या शिल्पकलेचा त्यात सुंदर उपयोग केला आहे. माझी तेथे एकच हरकत आहे. ज्या प्रदेशात पंथी आणि करमा नाचणारी माणसे जिवंत आहेत तेथे नर्तकांचे पुतळे पाहून परतावे लागणे ही उणीव वाटते. आठवड्यातून एक संध्याकाळ जरी खऱ्या मांदरीचा नाद तेथे नियमाने घुमला तर पुतळ्यांनाही अर्थ येईल.

मरोद्याच्या मैत्रीबागेविषयी उद्या काही तजवीज झाली तर लेसरचे झोत, डायनोसॉरचे सांगाडे आणि काचेचा पूल यांची यादी पुढे येणार हे भाकीत करायला ज्योतिषी नको. प्रत्येक शहराच्या आराखड्यात सध्या हीच यादी असते. माझी सूचना अगदी मुलकी स्वरूपाची आहे. खर्चाच्या पत्रकात, पंपाच्या आणि रंगाच्या ओळींच्या बरोबरीने, संकल्पनेची एक ओळ घालावी. तिच्यासाठी एक जबाबदार माणूस नेमावा, शक्यतो असा की ज्याने कारखान्यात उमेदीची वर्षे घालविली आहेत आणि ज्याला गोष्ट सांगता येते. आणि बागेत येणाऱ्या प्रत्येक नव्या वस्तूला, मग ती बाक असो वा कारंजे, त्याची सही लागावी. त्या माणसाने पहिल्या वर्षी काही बांधू नये. ऐन मे महिन्यात दुपारी तिकिटाच्या रांगेत लोकांबरोबर उभे राहावे, लोक काय विचारतात ते टिपून घ्यावे, कोठे थांबतात आणि कोठून घाईने निघतात ते नकाशावर मांडावे, आणि जेथे सावली कमी दिसेल तेथे पावसाळ्याच्या तोंडाशी करंज आणि कडुनिंब लावून टाकावेत, कारण खनिजाचा डबा आणि रूळगिरणीची पाटी केव्हाही करता येईल, झाडांना मात्र वेळ लागतो.